हिंवाळ्याचें फूल, उन्हाळ्याची राखण

अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, या जिल्ह्याच्या आग्नेय टोकास बालाघाटच्या डोंगररांगांस टेकून जामखेड तालुका पसरलेला आहे. ज्या थोर स्त्रीच्या नांवानें जिल्हा आतां ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकर १७२५ सालीं याच तालुक्यांतील चौंडी या लहानशा गांवीं जन्मल्या. मराठ्यांनीं १७९५ च्या मार्च महिन्यांत निजामाचा पराभव केला तें खर्डें गांवही याच तालुक्यांतलें. या दोन नांवांपलीकडे जामखेडची आठवण शहरांतल्या सुशिक्षित घरांत सहसा निघत नाहीं. निघालीच तर पाणीटंचाईच्या बातमीनिमित्त निघते. अशा मुलखासंबंधीं बोलतांना फुलबागेचा विषय काढणें कित्येकांस थट्टेचेंही वाटेल. परंतु मार्गशीर्ष महिन्यांत, शेतांत रब्बीची ज्वारी उभी असतां आणि पहाटेच्या हवेस बोचरा गारवा आलेला असतां, घराच्या परसांत न्हाणीच्या पाण्याजवळ शेवंतीचा एखादा ताटवा पिवळाधमक फुललेला दिसतो. पावसाळ्यांतील रानफुलें कधींच गळून गेलेलीं असतात, गवत वाळूं लागलेलें असतें, आणि हें झाड मात्र आपल्या ऐन वैभवांत असतें.

बाकीची सृष्टि आवरतें घेत असतां जें झाड फुलतें, त्याचें मोल सर्वच देशांतील बागवानांनीं जाणलें आहे. युरोपांतील बागांत हा मान ज्या मोजक्या झाडांस मिळाला त्यांत सायक्लॅमेन हें एक प्रमुख. त्यास मराठी नांव नाहीं, कारण तें आपल्या रानांत उगवत नाहीं. त्याची हकीकत प्रथम सांगितल्यास जामखेडच्या परसांतील शेवंतीची हकीकत अधिक चांगली उमगेल; कारण हीं दोन्ही झाडें एकाच ऋतूंत फुलत असलीं, तरी एकास आपल्याकडे घर मिळालें आणि दुसऱ्यास मिळालें नाहीं.

सायक्लॅमेन हें कंदापासून वाढणारें झाड. कंद वाटोळा व चपटा, थापण्यापूर्वीं किंचित् दाबलेल्या पिठाच्या उंड्यासारखा. ग्रीक भाषेंत वर्तुळास जो शब्द आहे त्यावरूनच त्याचें नांव पडलें असें मानतात, आणि थिओफ्रॅस्टस या प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथांतही त्याचा उल्लेख आहे. इंग्लंडांतील जुन्या लोकांत त्यास ‘डुकरांची भाकरी’ अशा अर्थाचें नांव होतें, कारण डुकरें त्याचे कंद उकरून खात. जॉन जेरार्ड या इंग्रज वैद्यानें आपला मोठा वनस्पतिकोश १५९७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, गरोदर स्त्रीनें हें झाड ओलांडणें धोक्याचें असल्यामुळें त्यानें आपल्या बागेंत त्याभोंवतीं काटक्या रोवून अटकाव केला होता. असल्या समजुती फक्त आपल्याकडच्या आज्यांनाच असतात असें मानणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या झाडाच्या वीसांहून अधिक जाती आहेत. त्यांतली जी कडाक्याच्या थंडींत उघड्या बागेंत फुलते तिला शास्त्रीय भाषेंत ‘सायक्लॅमेन कूम’ म्हणतात. बल्गेरियापासून तुर्कस्तान व कॉकेशसपर्यंत, म्हणजे काळ्या समुद्राच्या आसपास, हिचें मूळ घर आहे. चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख फिलिप मिलर यानें १७६८ सालीं तिला हें नांव दिलें. झाड वीतभरही उंच नाहीं. पानें वाटोळीं, गर्द हिरवीं, कधीं त्यांवर रुपेरी नक्षी; फुलें गुलाबी, जांभळट किंवा पांढरीं, आणि त्यांच्या पाकळ्या मागें उलटून वर गेलेल्या, जणूं समोरून जोराचा वारा लागला आहे. भोंवतीं बर्फ पडलेलें असतां हीं फुलें त्यांतून डोकें वर काढतात. फूल सुकल्यावर त्याचा देंठ घड्याळाच्या कमानीसारखी वेटोळीं घेऊन बोंडास जमिनीपाशीं ओढून आणतो. बियांवर गोडसर आवरण असतें. त्याच्या लोभानें मुंग्या त्या वाहून नेतात आणि झाडाची नवी वस्ती वसवितात.

परंतु या झाडाची खरी युक्ति त्याच्या वेळापत्रकांत आहे. तें मोठ्या झाडांच्या तळाशीं राहतें. उन्हाळ्यांत वरच्या झाडांची पालवी दाट असते, खालीं ऊन पोंचत नाहीं, आणि त्या मुलखांत उन्हाळा हाच कोरडा ऋतु असल्यामुळें जमिनींत ओलही नसते. तेव्हां हें झाड पानें टाकून कंदाच्या रूपानें निजून राहतें. शरदांत पाऊस सुरू होतो, वरचीं झाडें निष्पर्ण होतात, ऊन जमिनीपर्यंत येऊं लागतें. तेव्हां तें पानें काढतें, आणि ऐन हिंवाळ्यांत फुलतें. दुसऱ्याच्या पडत्या काळांत आपला संसार उरकून घेणारें हें झाड आहे.

कुंडींत लावून दिवाणखान्यांत ठेवतात ती मोठ्या फुलांची जात निराळी. तिचें शास्त्रीय नांव ‘पर्सिकम’, म्हणजे इराणची. आणि गंमत अशी कीं, इराणांत ती मुळीं रानटी स्थितींत सांपडतच नाहीं. तिचें घर तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन, सायप्रस इकडे. हें नांवही मिलरनेंच कायम केलें. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज व जर्मन माळ्यांनीं तिचीं फुलें निवड करकरून मोठीं केलीं. तसें करतांना मूळ रानफुलाचा सुगंध बहुतेक हरवला, हा सौदा कितपत शहाणपणाचा झाला हें ज्याचें त्यानें ठरवावें.

बर्फांत तग धरणाऱ्या झाडास पाश्चात्त्य बागवान ‘काटक’ म्हणतात, आणि सायक्लॅमेन कूम या अर्थानें पुरें काटक आहे. बर्फास जें भीत नाहीं तें जामखेडच्या सौम्य थंडीस कसें भिईल, असा तर्क सहज मनांत येतो. तो तर्क चुकीचा आहे. जामखेडच्या हिंवाळ्यांत या कंदास मारील असें कांहींच नाहीं. त्यास मारतो तो मृगापासून हस्तापर्यंतचा पावसाळा. मार्च ते मे पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेवढा ताप एक वेळ खोल सावलींत, कोरड्या मातींत सोसला जाईल. परंतु ज्या महिन्यांत कंदानें कोरड्या जमिनींत निजावयाचें, त्याच महिन्यांत आपल्याकडे आभाळ फाटतें. जामखेडकडे तर पावसाचा मोठा वांटा भाद्रपद-आश्विनांत पडतो. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, आणि निजलेला कंद निजल्या जागींच कुजतो. पुढें जेव्हां त्यास जागें होऊन पाणी हवें असतें, तेव्हां आपल्याकडचें आभाळ कोरडें ठणठणीत. झाडाचें पंचांग आणि मुलखाचें पंचांग यांचा असा नेमका सहा महिन्यांचा विरोध पडतो. कोणी हौशी माणसानें थंड हवेच्या ठिकाणाहून फुललेली कुंडी आणली, तर ती माघापर्यंत दिवाणखाना शोभवील; पुढील दिवाळीस ती पुन्हां फुलेल ही आशा मात्र करूं नये. कुंडी पावसांतून हालवून, माती कोरडी राखून, भाद्रपदाच्या अखेरीस पुन्हां पाणी देऊन ती जगविणें अगदींच अशक्य नाहीं. परंतु तें बागकाम नव्हे, ती शुश्रूषा झाली.

आपल्या रानांतही कंद आहेत, आणि त्यांचें वागणें पाहिलें म्हणजे हा विरोध स्पष्ट होतो. डोंगरउतारावरील कळलावी पहिल्या पावसाबरोबर कंदांतून वेल काढते, श्रावण-भाद्रपदांत तिचीं लालपिवळीं ज्वालेसारखीं फुलें दिसतात, आणि थंडी पडेतों वेल वाळून गेलेला असतो. रानकांदा त्याहून विलक्षण. तो भर उन्हाळ्यांत, एकही पान नसतां, जमिनींतून नुसता फुलांचा दांडा वर काढतो, आणि पानें मागाहून पावसांत येतात. दोघेही हिंवाळ्यांत जमिनीखालीं निजलेले असतात. दख्खनच्या कंदांनीं असें आपलें पंचांग पावसाशीं जुळवून घेतलें आहे. हिंवाळ्यांत फुलण्याचें काम इकडे कुंदासारख्या झुडपांकडे आणि शेवंतीकडे आलें.

ती शेवंती तरी कोठली? आपल्या देवघरांत, वेण्यांत आणि लग्नमंडपांत ती इतकी मुरलेली आहे कीं, ती परकी असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. तिचें शास्त्रीय नांवही ही समजूत दृढ करण्यासारखेंच आहे. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं तिच्या एका जातीचें नांव ‘इंडिकम’, म्हणजे हिंदुस्थानची, असें ठेविलें. परंतु सायक्लॅमेनच्या ‘पर्सिकम’इतकेंच हेंही नांव फसवें आहे. त्या काळीं युरोपियनांच्या तोंडीं ‘इंडिया’ या शब्दांत सारा पूर्वदेश येई. शेवंतीचें मूळ घर चीन. तेथें ख्रिस्तपूर्व काळच्या ऋतुवर्णनांतही नवव्या महिन्यांत तिला पिवळीं फुलें येतात अशी नोंद आहे. चौथ्या-पांचव्या शतकांतील ताओ युआनमिंग हा कवि सरकारी चाकरी सोडून खेड्यांत जाऊन राहिला, आणि त्याच्या काव्यामुळें शेवंती ही तेथें निःस्पृहतेचें प्रतीक बनली. १११० च्या आधींच, ११०४ सालीं, ल्यू मेंग नांवाच्या ग्रंथकारानें शेवंतीच्या जातींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जपानांत ती पुढें इतकी चढली कीं, सोळा पाकळ्यांची शेवंती हें तेथील सम्राटांचें चिन्ह झालें.

हिंदुस्थानांत ती कोणत्या वाटेनें आली यापेक्षां ती केव्हां नक्की होती याचा पुरावा अधिक मनोरंजक आहे. मलबारांतील डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानें तेथील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. ‘हॉर्टस मलबारिकस’ हें त्याचें नांव. १६७८ ते १६९३ या काळांत तो ॲम्स्टरडॅम येथें बारा खंडांत छापला गेला. त्याच्या कामांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांचें साहाय्य होतें, आणि त्यांची १६७५ सालची ग्वाही पहिल्या खंडांत देवनागरी लिपींत छापलेली आहे. युरोपांत छापलेल्या देवनागरीच्या अगदीं आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. या ग्रंथाच्या दहाव्या खंडांत शेवंतीचें चित्र व वर्णन आहे. आणि लिनीअसनें आपलें ‘इंडिकम’ नांव देतांना ज्या आधारांचा उल्लेख केला त्यांत हा एक होता. म्हणजे सतराव्या शतकांत, शिवकालांतच, पश्चिम किनाऱ्यावरील बागांत ती नांदत होती एवढें निश्चित.

मराठी नांवाची कथा आणखी निराळी. संस्कृत कोशांत ‘सेवंती’ किंवा ‘सेमंती’ हें नांव एका पांढऱ्या गुलाबाचें आहे. अकबराच्या पदरचा अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत फुलांची यादी देतो, तींतली ‘सेवती’ही गुलाबासारखी, परंतु त्याहून लहान अशीच वर्णिलेली आहे. दक्षिणेंत हेंच नांव गुलाबावरून निघून नव्या फुलावर जाऊन बसलें. मराठींत शेवंती, कानडींत सेवंतिगे, तेलुगूंत चामंति. उत्तरेकडे मात्र जुन्या फुलानें आपलें नांव सोडलें नाहीं, म्हणून नव्यास ‘गुलदाउदी’ हें फारसी नांव घ्यावें लागलें. परक्या पाहुण्यास घरांतल्याच कोणाचें तरी नांव देऊन टाकावें, हा दक्षिणेचा मार्ग अधिक मोकळ्या मनाचा म्हणावयास हरकत नाहीं.

युरोपांत या फुलाचा प्रवेश किती वेळां हुकला तें पाहण्यासारखें आहे. १६८९ सालीं याकोब ब्रेन यानें हॉलंडांतील बागांत वाढणाऱ्या शेवंतीचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. परंतु पुढें तीं सारीं झाडें नाहींशीं झालीं. १७६४ च्या सुमारास चेल्सीच्या बागेंत मिलरनें एक झाड वाढविलें, तेंही टिकलें नाहीं. सायक्लॅमेनला नांवें देणारा तोच हा मिलर; एवढ्या मुरब्बी माळ्याच्या हातूनही शेवंती निसटली. मग १७८९ सालीं ब्लांकार नांवाच्या फ्रेंच कप्तानानें चीनहून तीन जाती मार्सेय बंदरीं आणल्या. एक पांढरी, एक जांभळी, एक गर्द तांबूस जांभळी. तिहींपैकीं एकच, ती गर्द रंगाची, जगली. तिचीं रोपें इंग्लंडांत गेलीं आणि चेल्सीच्या कोल्व्हिल या माळ्याकडे नोव्हेंबर १७९५ मध्यें प्रथम फुललीं. खर्ड्याच्या माळावर तोफा थंड झाल्यास त्या वेळीं आठ महिने झाले होते. लंडनच्या लोकांस हें फूल अपूर्व वाटलें, आणि विल्यम कर्टिसच्या वनस्पति-मासिकांत त्याचें रंगीत चित्र पुढल्याच वर्षीं आलें.

पुढची भरभराट झपाट्याची आहे. १८२७ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील तुलूझ येथें बर्ने या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानें बियांपासून नव्या जाती काढल्या. १८४६ सालीं रॉबर्ट फॉर्च्युन यानें चीनहून लहान गेंदाच्या जाती आणल्या. त्यानंतर प्रदर्शनें, मंडळें, बक्षिसें यांस ऊत आला. विद्वानांनीं तर तिच्या कुळनांवाचाही खेळ केला. वीसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिला मूळ कुळांतून काढून दुसऱ्यांत घातलें, माळी वैतागले, आणि १९९९ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें भरलेल्या वनस्पतिशास्त्र-परिषदेनें तिचें जुनें कुळनांव तिला परत दिलें.

हॉलंडांत झाडें कां मेलीं, मिलरचें कां मेलें, कप्तानाच्या तिहींपैकीं दोन कां मेलीं, याचें उत्तर शेवंतीच्या वाढण्याच्या रीतींत आहे, आणि तीच रीत जामखेडच्या परसांतही चालते. एखादी विशिष्ट शेवंती जशीच्या तशी हवी असेल तर ती बियांपासून मिळत नाहीं. बियांपासून जें येईल तें निराळें निघतें. म्हणून ती बुंध्याशीं फुटणाऱ्या कोंबांपासून लावतात. त्यांस आपल्याकडे ‘काश्या’ म्हणतात. बहर सरला म्हणजे झाड छाटून टाकतात. बुंध्याभोंवतीं काश्यांचा झुबका येतो. त्या मुळांसकट सोडवून नव्या जागीं लावतात. आजचा ताटवा हा अशा रीतीनें गेल्या वर्षींच्या ताटव्याचाच देह असतो, आणि तो त्याच्या मागच्या वर्षींच्याचा. एका शेजारणीकडून दुसरीकडे, माहेराहून सासरीं, लेकीबरोबर ओच्यांतून गेलेल्या काशीबरोबर झाडाची संततीच नव्हे तर प्रत्यक्ष झाडच जातें. ही सांखळी एके वर्षीं तुटली म्हणजे कायमची तुटली. पेटींत जपून ठेवावें असें बीं येथें नाहीं.

आणि जामखेडकडे ती तुटण्याचा काळ हिंवाळा नव्हे, उन्हाळा होय. फुलें संपतात माघांत. नवी लागण होते वैशाख-ज्येष्ठांत. मधले तीन-चार महिने बुंधे जिवंत ठेवावे लागतात, आणि नेमके तेच विहिरी आटण्याचे महिने. ज्या गांवीं पिण्याच्या पाण्याची खेप लांबून आणावी लागते, तेथें फुलझाडास वेगळी घागर कोण घालणार? म्हणूनच शेवंती बागेंत न दिसतां न्हाणीच्या, मोरीच्या कडेस दिसते. भांड्यांचें, आंघोळीचें सांडपाणी जेथें वाहून जातें तेथें चार बुंधे सावलींत उन्हाळा काढतात. शहरांतल्या बंगल्यांतील बागेच्या आंखणींत ही जागा कोणी शेवंतीस देणार नाहीं, परंतु पाण्याच्या हिशेबानें याहून शहाणी आंखणी दाखविणें कठीण आहे. १९७२ सारखा दुष्काळ पडतो तेव्हां मोरीच कोरडी पडते. मग बेणें दुसऱ्या गांवाहून, पाण्याच्या मुलखांतून मागून आणावें लागतें. नगरजवळचें अकोळनेर आणि पारनेर तालुक्यांतील कांहीं गांवें फुलांच्या शेतीबद्दल प्रसिद्ध आहेत. बाजारांत तेथली शेवंती दसऱ्यापासून दिसूं लागते. राजा, झिपरी हीं तिच्या जुन्या देशी वाणांचीं नांवें.

पावसाळ्याची भीति शेवंतीसही आहे, पण ती सायक्लॅमेनइतकी निर्वाणीची नाहीं, कारण शेवंती त्या वेळीं जागी व वाढत असते. मुळाशीं पाणी सांचलें तर झाड मरतें, म्हणून काळ्या जमिनींत ती वरंब्यावर लावतात. लागणीनंतर महिन्याभरानें शेंडा खुडला म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून झाड बसकें व भरगच्च होतें. न खुडल्यास तें उंच वाढून पहिल्या मोठ्या सरीनें लोळतें. कार्तिकांत आभाळ आलें कीं मावा पडतो. या किरकोळ संकटांतून पार पडल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास कळ्या दिसूं लागतात, आणि मार्गशीर्षांतल्या गुरुवारच्या पूजेस फुलें हाताशीं येतात.

कळ्या त्याच सुमारास कां येतात हें कोडें मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणास सुटलें नव्हतें. थंडीमुळें येतात असेंच सर्व मानीत. १९२० सालीं अमेरिकेंतील गार्नर व ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनीं तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांवरून दाखवून दिलें कीं, कित्येक झाडें थंडी-उष्णता न मोजतां दिवसाची लांबी मोजतात. शेवंती ही दिवस आखूड झाल्यावर फुलणाऱ्यांपैकीं. पुढें सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यानें १९३६-३७ च्या सुमारास खुद्द शेवंतीवरच एक सुंदर प्रयोग केला. झाडाच्या वरच्या भागाचीं पानें काढून टाकून तो भाग त्यानें लांब दिवसांत ठेविला आणि खालच्या पानांस मात्र आखूड दिवस दिला. झाड फुललें. उलट केलें तेव्हां फुललें नाहीं. म्हणजे दिवस मोजतें तें पान, आणि फुलण्याचा निरोप तेथून शेंड्यास जातो. तो निरोप नेणारें द्रव्य असलें पाहिजे असें त्यानें प्रतिपादिलें. तें खरें असल्याचें अनेक दशकांनीं सिद्ध झालें. २०१३ सालीं जपानी संशोधकांनीं तर शेवंतींत याच्या उलट, म्हणजे दिवस लांब असतांना फुलणें रोखून धरणारें द्रव्यही शोधून काढलें.

लंडनांत उन्हाळ्यांतील मोठा दिवस सुमारें साडेसोळा तासांचा आणि हिंवाळ्यांतील लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी असतो. जामखेड विषुववृत्ताजवळ असल्यानें तेथें हा फरक सव्वादोन तासांचाच. मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकराचा. एवढ्या लहान फरकावरूनही शेवंतीचें पान ऋतु ओळखतें. आणि आपल्या हिंवाळ्याचा लाभ तिला येथें मिळतो. उत्तर युरोपांत रात्री लांबून कळ्या उमलेतों दंव-हिम येऊन त्या करपवितात, म्हणून तेथें तिला कांचगृह लागतें. जामखेडांत रात्री लांबतात, परंतु पाणी गोठत नाहीं. ज्या झाडास युरोपांत कांचेआड ठेवावें लागतें तें येथें मोरीच्या कडेस उघड्यावर फुलतें. आणि जें तेथें बर्फांत उघड्यावर फुलतें तें येथें श्रावणांत कुजतें. काटकपणाचें प्रमाणपत्र एका मुलखाचें दुसऱ्यांत चालत नाहीं.

सायक्लॅमेनवर त्याच्या मूळ देशांत निराळेंच संकट आलें. तुर्कस्तानच्या डोंगरांतून त्याचे रानटी कंद खणून परदेशीं विकण्याचा व्यापार विसाव्या शतकांत इतका वाढला कीं, दुर्मिळ प्राणी व वनस्पती यांच्या व्यापारावर नियंत्रण घालणारा जो आंतरराष्ट्रीय करार १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झाला, त्याच्या यादींत या झाडाचें सारें कुळ घालावें लागलें. बाहेरदेशाहून कंद मागविणाऱ्या हौशी माणसानें तो रोपवाटिकेंत बियांपासून वाढविलेला आहे याची खात्री करून घेणें आतां त्याचें कर्तव्यच आहे.

शेवंतीच्या बाबतींत शहरांतील घरांस एक अडचण नव्यानें उत्पन्न झाली आहे. १९३८ सालीं हॅमनर व बॉनर यांनीं दुसऱ्या एका झाडावर प्रयोग करून दाखविलें कीं, असलीं झाडें खरें पाहतां दिवस मोजीत नसून अखंड रात्र मोजतात. मध्यरात्रीं थोडा वेळ दिवा लागला तरी त्यांचा हिशेब चुकतो. फुलांचे व्यापारी या ज्ञानाचा उपयोग करून शेवंतीस रात्रीं दिवे दाखवून बहर लांबवितात, आणि काळ्या कापडानें झांकून तो अलीकडे आणतात. म्हणून बाजारांत आतां ती बाराही महिने मिळते. परंतु घराच्या गच्चींत, रस्त्यावरील दिव्याचा लखलखाट रात्रभर जेथें पडतो तेथें ठेवलेली कुंडी हिरवीगार राहूनही फुलत नाहीं, आणि घरधनी खतास किंवा रोपवाल्यास दोष देत बसतो. अशी कुंडी भाद्रपद लागतांच घराच्या अंधाऱ्या बाजूस हालवावी, दिवसा चार-पांच तास ऊन मिळेल अशी पण रात्रीं कोणताही दिवा न दिसणारी जागा पाहावी, आणि कळ्यांस रंग चढेपर्यंत ती तेथून हालवूं नये. फुलें उतरल्यावर झाड जमिनीपासून चार बोटें ठेवून छाटावें, आणि बुंधा सावलींत, रोजच्या सांडपाण्याजवळ ठेवावा.